अंदाजातली लाट आणि तोंडावरची लाट

प्रश्न : अंदाजात लाट दीड मीटर दाखवली होती. खाडीच्या तोंडावर मात्र होडी उलटेल अशा लाटा फुटत होत्या. मॉडेल चुकलं का? (देवगड तालुका)

उत्तर : चुकलंच असेल असं नाही. अंदाजातला आकडा सर्वांत मोठ्या लाटेचा नसतो, मोठ्या एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दोन-अडीच तासांत हजारभर लाटा येतात आणि त्यांतली एखादी पावणेदोन पटीच्याही वर जाते. दीड मीटरच्या दिवशी पावणेतीन मीटरची लाट हिशोबात धरायचीच.

शिवाय हा आकडा खुल्या समुद्रातला, काही किलोमीटर रुंदीच्या चौकटीचा असतो. तुमच्या तोंडावरचा वाळूचा दांडा त्या चौकटीत नाहीच, आणि तो दर पावसाळ्यात सरकतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. दांड्यावर दोन मीटर पाणी असेल तर दीड मीटरची लाट तिथेच कोसळणार. त्यात ओहोटी लागलेली असली तर खाडीतून बाहेर धावणारं पाणी समोरच्या लाटांना अडवतं. लाटा जवळजवळ येतात, उभ्या होतात. म्हणून दांडा ओलांडायचा तर भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर नक्कीच.

आणि उंचीच्या शेजारचा रकाना वाचा. तिथे दोन लाटांमधले सेकंद दिलेले असतात. बहुतेक जण तो सोडूनच देतात. खोल पाण्यात दीड मीटरची, सहा सेकंदांची लाट किनाऱ्याशी सरळ आली तर ढोबळ सूत्राप्रमाणे १.७ मीटर होऊन फुटते. तेवढ्याच उंचीची पंधरा सेकंदांची लाट फुटताना अडीच मीटर होते.

प्रश्न : वारा नाही, आभाळ स्वच्छ, तरी पाणी माडांपर्यंत कसं येतं? (गुहागर)

उत्तर : वारा वाहिलेला असतो, पण हजारो किलोमीटर दूर. दक्षिण महासागरातल्या वादळाची अठरा सेकंदांची लाट तासाला सुमारे ५० किलोमीटर वेगाने निघते. ७००० किलोमीटर कापायला तिला जवळपास सहा दिवस लागतात. केरळात याला ‘कल्लकडल’ म्हणजे चोर समुद्र म्हणतात. आपल्याकडे त्याचा जोर तुलनेने कमी, पण उधाणाच्या भरतीशी गाठ पडली की पुरतो. लांब लाटा वेगवान असल्यामुळे आधी पोचतात, म्हणून खूण उंचीत नाही, सेकंदांत शोधायची. लाट अजून अर्धा मीटरही नाही, पण आठ-नऊ सेकंदांवरून आकडा एकदम सतरा-अठरावर गेला, तर होड्या वर ओढून ठेवा. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी केंद्राच्या इशाऱ्यातही तेच पाहा.

प्रश्न : बंधाऱ्यावरून पाणी येईल का, हे आम्हाला घरी काढता येईल का? (मिऱ्या, रत्नागिरी)

उत्तर : ढोबळ काढता येईल. भरतीची उंची, वादळी वाऱ्याने लोटलेलं पाणी (हा आकडा इशाऱ्यात असतो) आणि फुटणाऱ्या लाटांमुळे किनाऱ्याशी चढणारी पातळी, ही बेरीज बंधाऱ्याच्या उंचीशी ताडायची. शेवटची भर फुटणाऱ्या लाटेच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी धरा. लाटेचं पाणी त्याहून वर उसळतं ते वेगळं. वादळाचा आकडा नसेल तर हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढतं, एवढं तरी मिळवा. ते कमीत कमी, कारण वाऱ्याचा रेटा त्यात नाही.

हमखास फसगत होते ती शून्याची. भरतीच्या तक्त्याचा शून्य सागरी नकाशात धरलेल्या, ओहोटीच्या खालच्या पातळीचा, बंधाऱ्याच्या आराखड्याचा बहुधा सरासरी समुद्रपातळीचा. मुंबईला हा फरक सुमारे अडीच मीटर आहे, दक्षिणेकडे कमी होतो. दोन्ही आकडे तसेच ताडले तर गाव रोज बुडताना दिसेल. जेटीच्या खांबावर दर दहा सेंटीमीटरला रंगाची रेघ मारा. महिनाभर, दोन्ही उधाणं आणि दोन्ही भांगांसह (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती), भरतीच्या वेळी वाचून ठेवा. तक्त्याशी ताडलं की तुमचा फरक हाती येतो.

प्रश्न : मोबाइलवरच्या नकाशातली वेळ आणि दिशा नेहमी उलट वाटते.

उत्तर : वेळ ग्रीनिचची असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. वाऱ्याची दिशा तो जिथून येतो ती, प्रवाहाची मात्र तो जिथे जातो ती. मार्च ते मे दुपारी उठणारी खाऱ्या वाऱ्याची खळबळ मोठ्या चौकटीच्या मॉडेलला अनेकदा पकडता येत नाही. त्या महिन्यांत सकाळचा समुद्र पाहून दुपारचा ठरवू नका.