नग्न, विवस्त्र की नागडी?

प्रश्न असा आला आहे: सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार तिशियान याच्या ‘उर्बिनोची व्हीनस’ या चित्राची ओळख मराठीत लिहायची आहे, तर बाईला ‘नग्न’ म्हणावं की ‘विवस्त्र’? आणि इंग्रजीतला न्यूड-नेकेड हा भेद (न्यूड म्हणजे कलेतली नग्नता, नेकेड म्हणजे नुसतं कपड्यांवाचून असणं) कसा आणायचा?

तो भेद इंग्रजीचा घरचा मामला. इटालियनचं ‘नूदो’वर भागतं. ज्यानं हे चित्र घेतलं त्या ग्विदोबाल्दो देल्ला रोव्हेरेनं १५३८च्या पत्रात तिला नुसतं ‘नग्न बाई’ म्हटलंय. व्हीनस हे रोमन प्रेमदेवतेचं नाव मागाहून चिकटलं.

मराठीत वाटणी वेगळी होते. ‘विवस्त्र’ म्हटलं की कपडे होते, ते आता अंगावर नाहीत, एवढं त्यात येतंच. चित्राच्या मागच्या भागात बघा: एक दासी पेटीत वाकून काहीतरी धुंडाळतेय, दुसरीच्या खांद्यावर झगा आहे. म्हणजे ही पलंगावरची बाई, पायाशी कुत्रं झोपलेली, थोड्या वेळानं कपडे घालणार. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५४च्या चित्रातल्या, बायबलमधल्या बाथशेबाचंही तेच. हातात दावीद राजाचं पत्र, म्हातारी दासी पायाशी, उतरवलेली वस्त्रं शेजारी. दोघींना ‘विवस्त्र’ चपखल बसतो.

‘नग्न’ कपड्यांचा हिशेब ठेवत नाही. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोनं बसवलेले २० तरुण नग्न. त्यांनी कधी काही नेसलं असेल असं वाटतच नाही.

‘नागडा’ हा ‘नग्न’चाच वंशज, पण घरात वाढलेला. चित्रांतली पंखवाली गुबगुबीत बाळं खुशाल नागडी म्हणावीत. मोठ्या बाईला लावलात तर शिवी होते.

‘उघडा’ त्याच्या एक पायरी अलीकडे. ‘उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं’ या म्हणीत दोघांचा फरक आलाच आहे. पण ‘उघडं पडणं’ निराळं. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये मसाच्चो या चित्रकाराचे आदम-हव्वा स्वर्गातून हाकलले जातात. तो तोंड झाकतो, ती अंग झाकत आक्रोश करते. पुढे कुणीतरी त्यांच्यावर पानं रंगवली, ती १९८०च्या दशकात पुसली गेली. त्या दोघांसाठी ‘उघडे पडलेले’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

‘अनावृत’ टाळा, पडदा, दोरी आणि मंत्री आठवतात.

तेव्हा ‘पलंगावर पहुडलेली विवस्त्र स्त्री’ असं लिहा. प्रकाराचं नाव मात्र ‘नग्नचित्र’च ठेवा, ‘विवस्त्रचित्र’ कुणी म्हणत नाही.