आंबोलीला जाऊन बघायचं काय? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा लागला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं आंबोलीची असतात. बेळगावकराला सुट्टी आणि पाऊस एकाच दिवशी मिळाला की गाडी आपोआप वेंगुर्ला रोडला लागते, त्यात नवीन काही नाही. यावेळी चार पत्रं निवडलीयत.

प्रश्न : आईचं वय 72, गुडघे दुखतात. बरोबर दोन पोरं, एक दहा वर्षांचा, एक सहाचा. रविवारी सकाळी निघून रात्री परत यायचंय. धबधबा तर सगळेच बघतात, पण त्या पायऱ्या आईला जमणार नाहीत. मग आम्ही तिथं जाऊन करायचं काय? (अनगोळ, बेळगाव)

पहिली गोष्ट, रविवार सोडा. जमत नसेल तर निदान सहाला घर सोडा. बेळगावहून अंतर सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर, पण मोठा धबधबा आंबोली गावाच्या पुढं, सावंतवाडीकडं उतरणाऱ्या घाटात आहे आणि जुलैच्या रविवारी अकरानंतर त्या वळणावर गाड्या अशा अडकतात की आईचे गुडघे गाडीत बसूनच आखडतील. तुम्हाला घाट उतरायचंच कारण नाही. गाडीतून धबधबा बघायचाच असेल तर सकाळी लवकर एक चक्कर मारून वर या, भजी नंतर.

त्यापेक्षा जातानाच नांगरतासला थांबा. हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरलात, पाटणे फाटा, हलकर्णी मागं टाकलं की पुढं आंबोलीच्या साधारण दहा किलोमीटर अलीकडं हे ठिकाण रस्त्याला लागूनच आहे. अरुंद घळीत पाणी असं कोसळतंय की आवाज आधी येतोय, पाणी नंतर दिसतंय. आईला चार पावलं चालवत न्या, तिथंच उभं राहून बघता येतं. पोरांचा हात मात्र सोडू नका.

मग हिरण्यकेशी. माझ्या मते आंबोलीत एकच जागा बघायची तर ही, आणि नेमकी हीच लोक धबधब्याच्या नादात सोडतात. देवळामागं गुहा, गुहेतून येणारं पाणी पुढच्या कुंडात, आणि तीच नदीची सुरुवात. गाडी लावून थोडं चालायचंय, पण घाटातल्यासारखा चढ नाही, आई हळूहळू येतील. कुंडाच्या काठाला पोरांना पाच मिनिटं गप्प बसवा (सहा वर्षाचा बसेल असं नाही, पण प्रयत्न करा) आणि पाण्यात बघायला सांगा. इथं एक बोटाएवढा छोटासा मासा आहे, 2020 मध्ये तो नवीन जात म्हणून नोंदवला गेला आणि नाव दिलं शिस्टुरा हिरण्यकेशी, म्हणजे नदीचंच. दुसऱ्याच वर्षी, 2021 ला, महाराष्ट्र सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा पाण्यात नाणी टाकणं, पाय धुणं, पोरांनी बाटलीत मासा पकडून घरी आणणं, यातलं काही नको.

आता माझी खरी शिफारस. परत त्याच रस्त्यानं येऊ नका. ही हिरण्यकेशी आपल्याकडंच येते हो! आंबोलीतनं निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत ती घटप्रभेला मिळते आणि ते पाणी पुढं गोकाकला 52 मीटरवरनं उडी मारतं. तुम्हीपण तसंच या, आंबोलीहून आजऱ्याचा रस्ता धरा, आजऱ्यात रामतीर्थाला नदी लांबूनच बघा (पुराच्या दिवसात उतरू नका), बाजारात किलो-दोन किलो घनसाळ तांदूळ घ्या, शिजताना वास घरभर जातोय, मग गडहिंग्लजहून संकेश्वरला हायवेला लागलात की बेळगाव आलंच. सकाळी पोरांनी जे पाणी गुहेतून येताना बघितलं तेच संध्याकाळी पुलाखालून लालभडक होऊन जाताना दिसेल. फेरा पडतो, डिझेल थोडं जास्त जातं, पण घाटातल्या ट्रॅफिकपेक्षा बरं.

प्रश्न : मागच्या ऑगस्टला आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटला गेलो. पांढऱ्या धुक्याशिवाय काही म्हणजे काही दिसलं नाही. दीड तास थांबलो, मोबाईल भिजला, परत आलो. फसवणूक वाटली. आणि आंबोली थंड म्हणतात, ती काय बेळगावपेक्षा उंच आहे? (शहापूर, बेळगाव)

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण गंमत आहे. नाही, उंच नाही! आंबोली 690 मीटर, आपलं बेळगाव साधारण 750. आपणच डोंगरावर राहतोय आणि थंडीला खाली जातोय. फरक उंचीचा नाही, काठाचा आहे. समुद्रावरनं आलेला ढग कोकण ओलांडून सरळ सह्याद्रीच्या भिंतीला धडकतोय, वर चढतोय, गार होतोय आणि सगळं तिथंच ओततोय. म्हणून आंबोलीत वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि बेळगावला पोचेपर्यंत ढगात उरतंय ते त्याच्या पाव हिश्श्याइतकंही नाही. कावळेसाद त्या काठावरच आहे, गेळे गावच्या हद्दीत. तुम्ही दीड तास ढगाच्या पोटात उभे होतात, ढगातून दरी कशी दिसणार?

पण तुमचा राग बरोबर आहे, सांगणारे सांगत नाहीत. जोराच्या पावसात तिथं दरी बघायला जायचं नसतं, वारा बघायला जायचं असतं. दरीतनं वर येणारा वारा कड्यावरनं पडणारं पाणी उचलून उलटं वर फेकतोय आणि कठड्याशी उभं राहिलं की तोंडावर खालून पाऊस बसतोय. छत्री उघडू नका, तिचे काटे झाल्याशिवाय राहत नाहीत, रेनकोट घाला. कठड्याच्या पलीकडं पाय टाकू नका, सेल्फीसाठी तर नाहीच, शेवाळलेला जांभा साबणासारखा असतो. दरी, कोकण, नशीब असेल तर समुद्राची रेघ, हे बघायचं तर ऑक्टोबर ते जानेवारी जावा, महादेवगड पॉइंटला नाहीतर सी व्ह्यू पॉइंटला सूर्यास्त धरा. गर्दी नाही, रूम स्वस्त, आणि रात्री शाल लागतेच.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. आंबोलीत रात्री बेडूक बघायला नेतात म्हणे, खरं का? घरचे म्हणतात बेडूक बघायला एवढं लांब कशाला, आपल्या विहिरीत आहेत की! (खानापूर)

घरच्यांना सांग, विहिरीतला वेगळा. आंबोलीचा एक टोड आहे, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातपण टिगेरिना. 2009 मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली आणि आज तो अगदी धोक्यात असलेल्या प्राण्यांत मोजतात. पहिल्या पावसात उघड्या कातळावर, डबक्यात त्यांची गडबड असते. आकारानं एवढासा, रस्ता ओलांडताना गाडीखाली जातो, म्हणून रात्री आंबोलीत गाडी कमीच फिरवावी.

दुसरा मलबार ग्लायडिंग फ्रॉग. हिरवागार, बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदा, पाणी साचलेल्या जागेवर लोंबणाऱ्या पानाला फेसाचं घरटं करतो. बघितल्यावर वाटतंय कुणीतरी साबणाचा फेस पानाला पुसून ठेवलाय. आत अंडी असतात, पिल्लं फुटली की खाली पाण्यात टपकतात. बरोबर त्याच झुडपात मलबार चापडा हा सापपण बसलेला असू शकतो, विषारी, आणि एका जागी तासन्‌तास हलत नाही, त्यामुळं फांदी धरून वाकायचं नाही. गावातले माहितगार गाईड घेऊनच जा, चांगला टॉर्च, गमबूट, जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड. मुक्काम करावाच लागेल, आणि खरं सांगायचं तर आंबोली मुक्कामालाच कळते, दुपारची गर्दी सातला खाली उतरली की गावात फक्त पावसाचा आणि बेडकांचा आवाज. वाळायला टाकलेला टॉवेल सकाळी जास्त ओला असतो, दोन न्या.

प्रश्न : गाडी नाही. आम्ही चौघी मैत्रिणी, एसटीनं जाणं जमेल का? शक्तीचं फुकट तिकीट चालेल का? (वडगाव, बेळगाव)

जमेल की. बेळगावहून सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडं जाणाऱ्या गाड्या आंबोलीवरनंच जातात. शक्ती मात्र नाही ताई, ती कर्नाटक सरकारची बायकांना फुकट बसप्रवासाची योजना, कर्नाटकाच्या आतल्या प्रवासाला, दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीला नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच, म्हणजे बाचीपर्यंत फुल्ल आणि पुढं हाफ असा आपल्या सीमाभागाला शोभेल असा हिशोब. हा वेंगुर्ला रोड जुना आहे बरं का, वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला इंग्रजांचा माल याच वाटेनं बेळगावच्या छावणीला यायचा, आंबोली त्या वाटेवरचा मुक्काम.

स्टँडवर उतरल्यावर पॉइंट फिरायला रिक्षा किंवा जीप अख्खी ठरवा, आधीच दर बोलून घ्या, चौघींत परवडतंय. परतीच्या शेवटच्या गाडीचं टायमिंग उतरल्या उतरल्या स्टँडवरच विचारा, पावसात घाटात झाड किंवा दरड आली की टायमिंगला काही अर्थ राहत नाही. आणि कणीस खाताना माकडांकडं पाठ करू नका. मागच्या वर्षी माझ्या हातातलं अर्धं गेलं, उरलेलं अर्धं द्यायला परत आलं होतं तेच माकड.