दाराच्या तळाचा गंज: पुट्टी, पॅच की नवीन दार?

प्रश्न: घरात वडिलांच्या वेळची जुनी गाडी आहे, इंजिन एकदम मस्त, पण पुढच्या दोन्ही दारांच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आलेत आणि एका ठिकाणी बोट दाबलं तर पत्रा सरळ आत गेला. गॅरेजवाला म्हणतो घासून पुट्टी भरून रंग मारून देतो, मित्र म्हणतो दुसरं दार शोध. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, पुट्टी भरून घेऊ नका. दाराचा तळ बहुतेक वेळा आतून गंजतो, बाहेर फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाऊन झालेला असतो. काचेच्या बुडाशी बाहेरून जी रबरी पट्टी असते ना, ती नवी असली तरी थोडं पाणी आत उतरतंच, ते धरूनच दाराच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. पट्टी जुनी होऊन कडक झाली, चिरली की पाणी जास्त जातं, सोबत माती, सुकलेला पाला, आणि मग ती भोकं बुजतात. तळाला ओला चिखल बसून राहतो. त्यात बाहेरचा पत्रा आतल्या फ्रेमवर जिथे दुमडलेला असतो त्या घडीत रंग नीट पोचलेलाच नसतो, ओलावा मात्र बरोबर शिरतो. आता बाहेरून पुट्टी भरली तर आतला ओलावा आहे तिथेच, शिवाय पुट्टी स्वतःच पाणी शोषते, फुगे परत येणारच.

तेव्हा आधी दाराच्या आतलं कव्हर काढा, मागचा प्लास्टिकचा कागद हळूच सोडवा (तो फेकू नका, कव्हरकडे पाणी येऊ नये म्हणून असतो तो, फाटला असेल तर नवा लावा), सगळी माती काढा आणि टॉर्च धरून टोच्याने तळापासून वर टोचत या. जिथे टोचा रुतायचा थांबतो आणि पत्रा टणक लागतो तिथून चांगला पत्रा सुरू. बाहेरून चुंबक फिरवा, जिथे तो नीट धरत नाही तिथे आधीच कुणीतरी पुट्टी भरून ठेवलीये समजा.

बिजागऱ्यांच्या आणि लॉकच्या जागा मजबूत असतील तर माझं मत स्पष्ट आहे, आहे तेच दार दुरुस्त करा. जुनं दुसरं दार मिळालं तरी ते बहुतेक त्याच जागी गंजलेलं असतं, आणि तुमचं दार त्या गाडीला इतकी वर्षं बसलेलं आहे, दुसऱ्याची फट (दार आणि बॉडी यांच्यातली जागा) जुळवताना जीव जातो.

कापायच्या आधी दार बंद करून सगळ्या फटी मोजून लिहून ठेवा आणि तळाच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या, गंजलेला भाग गेला की तो आकार परत कुठे बघायला मिळणार. मग आधी आतल्या फ्रेमचा गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडा, नंतर बाहेरच्या पत्र्याचा. दोन्ही एकदम आणि पूर्ण लांबीत कापले तर दार पीळ खातं, म्हणून तुकड्या-तुकड्याने करा आणि पक्कं करायच्या आधी दार गाडीवर लावून फट तपासा. घडी घालायच्या आधी दोन्ही पत्र्यांवर ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा झिंकचा प्रायमर मारा, मग हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) कड थोडी थोडी करत दुमडा, एका दमात नाही.

काच उतरवूनच काम करा, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग निघत नाहीत. बॅटरी काढा, आतलं डांबरासारखं पॅडिंग खरवडून टाका कारण ते पेटतं, अग्निशामक हाताशी ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, झिंकचा धूरही वाईट, त्यामुळे चांगला मास्क आणि मोकळी हवा हवीच.

प्रश्न: मी स्वतः मिग वेल्डिंग (सतत पुढे येणाऱ्या तारेने होणारं) करतो, पण दाराचा पत्रा तापून लाटा येतात. पातळ पत्र्याला काय करायचं?

उत्तर: वेल्ड सलग ओढू नका. ०.६ मिमी वायर घ्या, एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, असं फिरत राहा आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. पत्रा मूळच्याच जाडीचा घ्या, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १ मिमीच्या आसपास असतो. जोड सपाट भागाच्या मधोमध ठेवू नका, तिथे पत्र्याला काहीच आधार नसतो, जमेल तितका खाली ठेवा किंवा पत्र्यातल्या एखाद्या उठावाच्या रेघेच्या कडेने न्या. आणि तुकडा मूळ पत्र्यावर चढवून वेल्ड करण्यापेक्षा कडेला कड लावून करा, दोन थरांच्या मध्ये पाणी अडकतं आणि तिथूनच परत गंज सुरू होतो.

प्रश्न: गंज मारायचं केमिकल लावलं तर कापायची गरज नाही ना?

उत्तर: वरवरचा गंज असेल तर चालतं, फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिडवालं. भोक पडलंय किंवा टोचा रुततोय तिथे नाही, जो पत्रा उरलाच नाही तो केमिकल कुठून आणणार. कापाच.

सगळं झालं की इपॉक्सी प्रायमर, मग घडीच्या कडेला सीलर, आणि तो ओला असतानाच तळाची भोकं काडीने मोकळी करा. मग रंग मारा, तो पूर्ण वाळला की आतून गंज रोखणारं वॅक्स फवारा, परत भोकं बघा, आणि कव्हर लावायच्या आधी काचेवरून मगभर पाणी ओता. ते तळातून लगेच बाहेर आलं पाहिजे, थांबून ठिबकत असेल तर भोक अजून अर्धवट बुजलेलं आहे.