आकृतीत काय ठेवायचं?

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या लोकांना पुराची माहिती देण्यासाठी तू काढलेली कृष्णेची आकृती पाहिली. मेहनत जाणवते. पण नदीचं एकेक वळण काढण्यात कागद भरून गेलाय, आणि पाणी कुठून कुठे येतं हेच शोधावं लागतं. वळणं नकाशाला लागतात. आकृतीला लागतात ते संबंध: कोण कोणाला मिळतं, आधी कोण, नंतर कोण.

लंडनच्या भुयारी रेल्वेची हॅरी बेकने केलेली आकृती १९३३ साली लोकांच्या हाती आली. त्याने खरी अंतरं सोडली, रस्ते सोडले, रेषा सरळ किंवा तिरक्या केल्या. नैसर्गिक खूण ठेवली ती फक्त थेम्स नदीची. प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं होतं, ते त्याला मिळालं.

तूही तसंच कर. कृष्णेची एक उभी रेषा ओढ. धोम धरण वर. माहुलीला वेण्णा येते, तिच्यावर कण्हेर धरण. पुढे उरमोडी, तारळी, मग कराडला कोयना. त्यानंतर सांगलीचा आयर्विन पूल, आणि पुलाच्या खालच्या अंगाला हरिपूरला वारणा. तू वारणा पुलाच्या वर जोडली आहेस, ते आधी बदल. वारणेचं पाणी आयर्विनखालून जातच नाही. पण ती फुगली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट राहत नाही, तुंब मागे सरकतो आणि सांगलीत पातळी चढते. ही गोष्ट शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो. रेषा योग्य जागी जोडली की बघणाऱ्याला ती आपोआप कळते. आकृती काढायची ती यासाठीच, आणि म्हणूनच चुकीचा एक जोड सगळ्या गावाला चुकीचं सांगतो.

बाणांचंही बघ. एकाच जातीचा बाण तू पाण्यासाठीही वापरलास आणि निरोप कोण कोणाला देतो यासाठीही. निरोपाची आकृती वेगळ्या कागदावर काढ. पुलाशेजारी उभी पट्टी काढून ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, एवढ्या दोनच खुणा कर. रंग कमीच ठेव, कारण झेरॉक्स काळी-पांढरीच निघणार.

झाल्यावर नदीकाठच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे ठेव, तू काही बोलू नकोस. "कोयनेतून पाणी सोडलं तर आधी कुठे येईल?" एवढंच विचार. त्यांचं बोट जिथे अडेल तिथे दुरुस्ती कर आणि नवी प्रत मला पाठव.

तुझा,
काका