गोळी बीपीची, राखण मेंदूची

प्रश्न: वय ६१, पॉवरलूम चालवतो. बीपीची गोळी घेत होतो. आता डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणून सोडली. गोळीची सवय लागते म्हणतात, खरं का? (वडगाव, बेळगाव)

उत्तर: काका, सवय लागत नाही. गोळी थांबवली की दाब पुन्हा चढतो, इतकंच. आणि चढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून ‘त्रास नाही’ या खात्रीवर विसंबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्या आत खोलवर रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते आणि मेंदूचे बारीक बारीक तुकडे रक्तावाचून मरतात. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, घरात कुणाला पत्ता लागत नाही. पुढं चाल मंदावते, हिशेब चुकायला लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं.

अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासाचा निकाल २०१९ मध्ये आला. पन्नाशी ओलांडलेल्या ९,३०० हून जास्त लोकांपैकी ज्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात स्मरणशक्तीची सौम्य घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसलं. तुलना होती १४० च्या खाली ठेवलेल्या गटाशी. डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडवणारा स्मृतिभ्रंश, तोही टळतो, हे मात्र त्यात ठामपणे सिद्ध झालं नाही. शिवाय मधुमेही त्यात नव्हते. त्यामुळं तुमचा आकडा किती हवा, ते डॉक्टरच ठरवतील. उठताना अंधारी येत असेल तर तेही त्यांना सांगा.

आणखी एक. मागाच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा कानही तपासून घ्या. कमी ऐकू येणं हेसुद्धा डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोडतं.

प्रश्न: सासूबाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. त्याशिवाय डोकं चालत नाही म्हणतात. (निपाणी)

उत्तर: ताई, तंबाखूच्या गावात हे बोलणं अवघड आहे, तरी बोलते. मशेरीनं येणारी तरतरी म्हणजे बहुतेक वेळा निकोटिनची तलफ भागल्याचा आराम. तेवढ्या वेळात नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. त्यांना रागावू नका. आधी संध्याकाळची वेळ सुटते का बघा. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते.

प्रश्न: आप्पा शेतात राबतात. त्यांना वेगळं चालायला हवं? (खानापूर)

उत्तर: भात लावणी, कापणीच्या दिवसांत नको. बाकीचे महिने बसून जात असतील तर आठवड्याला १५० मिनिटं, थोडा दम लागेल असं चालू दे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा लहान सपाट चमचाभर. लोणचं, पापड, खारी मिरची त्यातच मोजायची. नाचणीची आंबील उत्तमच, पण तिच्यातही मीठ बेतानंच. कुंदा सणाला.

प्रश्न: आई ७४ वर्षांची. तेच तेच विचारते. बीपी, शुगर आहे. दवाखान्यात प्रश्न विचारले, तिला उत्तरं आली नाहीत. आता काय? (चिकोडी)

उत्तर: आधी सांगा, प्रश्न कुठल्या भाषेत विचारले? आपल्या सीमाभागात हे सतत घडतं. बाजारापुरती कन्नड येणाऱ्या आज्जीला कन्नडमधून तारीख, वजाबाकी विचारली की ती गप्प होते, आणि कागदावर गुण कमी पडतात. चाचणी मराठीतूनच व्हायला हवी. त्या किती शिकल्या आहेत, हेही डॉक्टरांना सांगा. सोबत बी-१२, थायरॉइड, कान, डोळे आणि चालू गोळ्या तपासायला सांगा. मन उदास आहे का, तेही बघायला हवं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. नाडी अनियमित लागली तर ईसीजी करून घ्या. तसल्या ठोक्यांमुळं गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. जाताना वही न्या: विसरणं कधी सुरू झालं, पैसे, स्वयंपाक, औषधं यांत काय चुकतं. हे तुमच्याइतकं नीट दुसरं कोणी सांगू शकणार नाही.