मुलीला सुट्टीत आजीकडे पाठवू की नको?

प्रश्न : मी दाऊदी बोहरा, म्हणजे शिया मुस्लिमांतल्या एका जमातीची, नाशिकला राहते. मुलगी जूनमध्ये सात पूर्ण करेल. सासूबाई मे महिन्यात तिला मुंबईला नेऊन खतना करायचा, म्हणजे तिच्या जननेंद्रियाचा भाग कापायचा म्हणतात. ‘डॉक्टरीणबाई करते, दोन मिनिटांचं काम.’ नवरा गप्प आहे. माझा झालेला आहे आणि मी तो दिवस विसरलेले नाही. याविरुद्ध कायदाच नाही, तर कशाच्या जोरावर अडवू? जमातीने वाळीत टाकलं तर?

उत्तर : ताई, खतन्याचं नाव घेऊन बंदी घालणारं कलम आपल्याकडे नाही, हे खरं. पण निरोगी मुलीच्या अंगावर पातं चालवायची मुभा देणारं कलम कुठे आहे? ते सासूबाईंनी दाखवायचं, तुम्ही नाही.

त्या ज्याचा आधार घेतील ते भारतीय न्याय संहितेचं कलम 27. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. मुलांचे टॉन्सिल काढणारे डॉक्टर याच कलमामुळे निर्धास्त असतात. मात्र जबर दुखापतीला ही सूट फक्त जीव वाचवायला, दुसरी जबर दुखापत टाळायला किंवा गंभीर आजार बरा करायला मिळते. समोरचा वकील म्हणेल, ही जबर नव्हे, साधी दुखापत. तरी प्रश्न उरतोच : यात मुलीचं भलं काय? आणि कापायच्या हत्याराने केलेल्या साध्या दुखापतीलाही कलम 118 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो की नाही यावर आम्हा वकिलांत वाद आहे, म्हणून तुमची सगळी भिस्त मी त्यावर ठेवणार नाही.

सर्वोच्च न्यायालयात 2017 मध्ये याचिका झाली. पुढच्या वर्षी महान्यायवादी वेणुगोपाल यांनी केंद्रातर्फे प्रथेच्या विरोधात बाजू मांडली. मग प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि 2019 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठाच्या वाटेला लागलं. त्या निकालाची वाट बघत बसू नका, मे महिना त्याआधी येईल.

‘मुलांची सुंता चालते की!’ हेही ऐकाल. मुद्दा पोकळ नाही. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने 2012 मध्ये धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवलं, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून ती चालू ठेवली. पण मुलाचं चालतं म्हणून मुलीचंही चालावं, हा बचाव मी तरी कोर्टात उभा करणार नाही. सासूबाईंना उलट एवढं विचारा : 2016 मध्ये लंडन-सिडनीच्या बोहरा जमातींनी आपल्या लोकांना त्या देशाचा कायदा पाळा, खतना करू नका असं कळवलं, ते कसं?

आता वाळीत टाकण्याचं. 1949 चा मुंबईचा बहिष्कारविरोधी कायदा बोहरांचे धर्मगुरू सैयदना यांच्याच याचिकेवर 1962 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उघड फतवा निघाला तर तो उपयोगी पडेल. पण लग्नाची आमंत्रणं यायची थांबली तर ते कुठल्या कलमात बसवू? तिथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

आजच नवऱ्याला व्हॉट्सॲपवर लिहा : ‘या गोष्टीला माझी संमती नाही.’ सासूबाईंचे मेसेज पुसू नका. मुलीला तुमच्याशिवाय मुंबईला पाठवू नका. दबाव वाढला तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण आदेश मागू. यात लगेच कुणाला अटक होत नाही. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद आहे. नवऱ्याला तुरुंगात न धाडता थांबवायचं असेल तर मला हाच रस्ता बरा वाटतो. मुलीला नेलंच, तर अर्जाच्या भानगडीत न पडता 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस) लावा.

आणि कुणी ‘सातनंतर मुलगी बापाची’ म्हणून शिया कायदा सांगितला, तर घाबरू नका. ताब्याच्या वादात न्यायालय मुलीचं हित आधी बघतं, आणि तिथे तुमचा तो मेसेज कामाला येईल.