हस्तक्षेप, दखल आणि मध्ये पडणं

एका वाचकाचा प्रश्न असा: "सुदानवर मराठीत लेख लिहितो आहे. त्यात 'गृहयुद्धात अडकलेल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी प्रादेशिक हस्तक्षेप व्हावा' असं वाक्य आहे. वडिलांनी ते वाचून विचारलं, हस्तक्षेप म्हणजे ढवळाढवळ, ती कुणी मागून घेतं का? याला दुसरा चांगला शब्द आहे का?"

वडिलांचा कान पक्का आहे. बदल्यांमध्ये राजकीय हस्तक्षेप, निकालात हस्तक्षेप, संसारात सासरच्यांचा हस्तक्षेप, असाच हा शब्द आपल्या कानांवर पडतो. ढवळाढवळ, लुडबुड, नाक खुपसणं ही त्याची भावंडं. पण न्यायालयात याच शब्दाला मान आहे. चालू खटल्यात आपलंही म्हणणं ऐकून घ्या, अशी विनंती करणारा माणूस 'हस्तक्षेप याचिका' दाखल करतो, त्याला कुणी लुडबुड्या म्हणत नाही. म्हणजे हात कुणाचा आणि कशासाठी पुढे आला, यावर या शब्दाची छटा ठरते. सुदानमध्ये तर वाईट अर्थाचा हस्तक्षेप पहिल्या दिवसापासून चालू आहे. १५ एप्रिल २०२३ ला जनरल बुऱ्हान यांचं लष्कर आणि 'हेमेदती' नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगालो यांचं निमलष्करी दल, आरएसएफ, यांच्यात लढाई पेटली. तेव्हापासून बाहेरून शस्त्रं आणि पैसा पुरवल्याचे आरोप एकामागून एक होत आहेत. तुम्ही मागता आहात तो हस्तक्षेप याच्या नेमका उलटा. तेव्हा नुसतं 'हस्तक्षेप' लिहून भागणार नाही.

मला स्वतःला या निमित्ताने जास्त टोचला तो 'दखल' हा शब्द. तो आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अर्थ आत शिरणं. दाखल, दाखला, बेदखल ही सगळी त्याच घरातली माणसं. आणि सुदानच्या अरबीत हस्तक्षेपाला जो शब्द आहे, 'तदख्खुल', तोही याच धातूचा. खार्टूममधल्या माणसाचा शब्द आपल्या तोंडात कधीचा आहे! फक्त मराठीत येता येता त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेरच थबकलं. आपण दखल 'घेतो'. म्हणजे कळलं, नोंद केली, पत्र फायलीला लावलं. आत शिरणं त्यातून निघून गेलं.

अल फाशेरची अशीच दखल घेतली गेली. पश्चिम सुदानमधल्या उत्तर दारफुर प्रांताची ही राजधानी. मे २०२४ पासून आरएसएफचा वेढा. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून वेढा उठवायला सांगितलं. ठराव क्रमांक २७३६. वेढा उठला नाही, उलट शहराभोवती मातीचा बांध चढत गेला. आत अडीच लाखांहून जास्त माणसं, त्यांतली निम्मी मुलं, असा युनिसेफचा अंदाज होता. बाजारात धान्य संपलं तेव्हा लोक 'अंबाझ' खाऊ लागले. अंबाझ म्हणजे भुईमुगाचं तेल काढल्यावर उरलेली पेंड. आपल्याकडे गोठ्यात घमेल्यात भिजत घालतात तीच. आईने पेंड पाण्यात कालवून लेकराच्या तोंडात घालायची, आणि एक वेळ अशी आली की ती पेंडही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि मागे राहिलेल्यांची कत्तल झाली, सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्णांसकट. ठरावाला तेव्हा सोळा महिने झाले होते. दखल घेतलेली होती.

पण याच शब्दाने मराठी कायद्याच्या भाषेत आपला जुना जोर राखला आहे, तो 'दखलपात्र गुन्हा' यात. अदखलपात्र असेल तर ठाण्यावरचा हवालदार एनसी लिहून घेतो आणि कोर्टात जा म्हणतो. दखलपात्र असेल तर पोलिसाला वॉरंटची वाट बघावी लागत नाही, तो आत शिरू शकतो. आफ्रिकेने नेमका हाच फरक आपल्या घटनेत केला आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या आफ्रिकी एकता संघटनेचा नियम होता की कुणी कुणाच्या अंतर्गत कारभारात पडायचं नाही. वसाहतींमधून नुकत्याच सुटलेल्या देशांना तो हवाच होता. पुढे रवांडातला वंशसंहार घडला. मग २००० साली लोमे इथे स्वीकारलेल्या, त्या संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाच्या घटनेत कलम ४(एच) आलं: युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे होत असतील तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा संघाला अधिकार आहे. मी तर विद्यार्थ्यांना हे कलम 'आफ्रिकेने तीन गुन्हे दखलपात्र केले' अशाच शब्दांत सांगेन. दुःख हे की त्या कलमाखाली आजवर एकही फौज निघालेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये बुरुंडीत ५,००० सैनिक पाठवायचं संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने ठरवलं. तिथल्या सरकारने, आलात तर आक्रमण समजू, असं बजावलं आणि दीड महिन्यात शिखर बैठकीने तो बेत सोडला.

आता तुमच्या कामाचा शब्द. माझ्या मते तो आहे 'मध्ये पडणं'. लहानपणी आमच्या बोळात दोघा भावांची जुंपली. एकाच्या हातात नळाचा पाना. बायका ओरडत होत्या, दोन वडीलधारे दारातून "अरे शांत व्हा, बसून बोला" म्हणत होते. समोरच्या काकू कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या. धाकट्याच्या सदऱ्यावर त्यांच्या पाच बोटांचं पीठ उमटलं. बोळातले सगळे नंतर म्हणायचे, काकू मध्ये पडल्या म्हणून वाचला. त्या दोन वडीलधाऱ्यांनी केली ती मध्यस्थी, काकूंनी केलं ते मध्ये पडणं. शब्द दोन्ही 'मध्य' मधून आलेले, पण पाना अंगावर घ्यायची तयारी दुसऱ्यातच आहे.

सुदानमध्ये मध्यस्थी पुष्कळ झाली. मे २०२३ मध्येच सौदी अरेबियात जेद्दाहला दोन्ही बाजूंनी नागरिकांना इजा करणार नाही असं लिहून दिलं. मध्ये पडण्याची भाषा मात्र फार थोड्या वेळा निघाली. जुलै २०२३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या 'इगाद' या संघटनेच्या चौघा सदस्यांनी आदिस अबाबात बसून, नागरिकांच्या रक्षणासाठी पूर्व आफ्रिकेची राखीव फौज पाठवता येईल का, हा विषय काढला. सुदानच्या लष्करी सरकारने तो झिडकारला आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये इगादमधलं आपलं सदस्यत्वच स्थगित केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने निःपक्ष दल पाठवा असं स्पष्ट म्हटलं. तेही नाकारलं गेलं. पाना हातात असलेल्याला विचारून मध्ये पडायचं म्हटलं, तर तो हो म्हणेल कशाला?

'प्रादेशिक' काढून टाका. मराठीत तो हवामानाचा, भाषेचा आणि आरटीओचा शब्द झाला आहे. 'शेजारी देशांनी' किंवा 'आफ्रिकी संघाने' म्हणा, म्हणजे कुणाला हाक मारतो आहोत ते कळेल. 'नागरिक' ठेवायला हरकत नाही. अरबीतला 'मदनी' हाही असाच 'मदिना' म्हणजे नगर यावरून आलेला आहे. पण लेखात एकदा तरी 'निःशस्त्र माणसं' लिहा, कारण लढणाराही देशाचा नागरिकच असतो. 'संरक्षण' या शब्दावर मात्र डोळा ठेवा. २००४ साली आफ्रिकी संघाची फौज दारफुरला गेली होती. तिला नागरिकांचं रक्षण करायला सांगितलं होतं, पण कुणाचं? जे समोर आढळतील, ज्यांना तातडीचा धोका असेल, जे अगदी जवळपास असतील, आणि तेही साधनं व ताकद पुरेल तितकंच. चार अटींच्या पलीकडच्या टेकडीमागे जळणारं गाव त्या वाक्यात बसत नव्हतं.

राहिलं 'गृहयुद्ध'. शब्द चुकीचा नाही, पण 'गृह' म्हटलं की दार लागतं. घरातलं भांडण, बाहेरच्याने पडू नये. अरबीतही 'हर्ब अहलिया', अहल म्हणजे घरची माणसं. मराठीकडे 'यादवी' आहे, आणि या एका शब्दात तुमचं अख्खं वाक्य बसतं. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारून संपले, एवढंच आपण लक्षात ठेवतो. महाभारताच्या मौसलपर्वात पुढे आहे ते वाचा. द्वारकेत स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं उरली होती. त्यांच्यासाठी श्रीकृष्णाने आपल्या सारथ्याला, दारुकाला, हस्तिनापूरला पिटाळलं, अर्जुनाला घेऊन ये म्हणून. बाहेरच्या राज्यातल्या आप्ताला मध्ये पडायला बोलावणं, ते यादवीच्या मूळ कथेतच आहे. अर्जुन आला, सगळ्यांना घेऊन निघाला, आणि वाटेत पंचनदात लाठ्या घेतलेल्या आभीरांनी तांडा लुटला, बायका ओढून नेल्या. गांडीव कसंबसं चढलं, अस्त्रं आठवेनात, भाते रिकामे झाले.

म्हणून मी तुमचं वाक्य असं लिहीन: "सुदानच्या यादवीत अडकलेल्या निःशस्त्र माणसांना वाचवण्यासाठी आफ्रिकी संघाने आणि शेजारी देशांनी आता मध्ये पडावं, आणि पुरेशा बळानिशी पडावं." कलम ४(एच) बद्दल लिहाल तिथे 'हस्तक्षेप' तसाच राहू द्या, घटनेचा शब्द तोच आहे. 'पुरेशा बळानिशी' मात्र संपादकांना कापू देऊ नका.